क्लाउड आर्किटेक्चरचा डायग्राम परत परत बिघडतोय? कुठे बघायचं ते सांगते

आपली सिस्टिम क्लाउडवर कशी मांडलीय त्याचा डायग्राम काढला, मीटिंगमध्ये दाखवला, सगळे छान म्हणाले, आणि दोन-तीन महिन्यांनी तोच उघडला की निम्मं जुनं झालेलं, बाणांचा नुसता गुंता, एक डेटाबेस कुठल्याच डब्यात नाही, मग कोणीतरी वैतागून नवीन फाइल उघडतं आणि पहिल्यापासून काढायला घेतं, आणि पुन्हा दोन-तीन महिन्यांनी तेच. हे इतक्या वेळा बघितलंय की आता कोणी "डायग्राम बिघडलाय, जरा बघतेस का" म्हटलं की मी ठरलेल्या क्रमाने तपासायला बसते. तोच क्रम इथे लिहितेय. उदाहरणं जास्त करून एडब्ल्यूएसची (ॲमेझॉनच्या क्लाउडची) आहेत कारण माझं रोजचं काम त्यात, पण अझ्युर (मायक्रोसॉफ्टचा क्लाउड) आणि गुगल क्लाउडवाल्यांनीही वाचा, तुमच्यासाठी एक मोठा खड्डा आहे त्यात.

आधी एक सांगते, टूल बदलून हा प्रॉब्लेम जात नाही. टूलच्या कटकटी खऱ्या आहेत, त्यावर खाली बरंच लिहिलंय, पण जो डायग्राम परत परत बिघडतो त्याचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: त्यातल्या डब्याचा आणि बाणाचा अर्थ कोणी ठरवलेलाच नसतो. एकीकडे डबा म्हणजे नेटवर्क, शेजारचा डबा म्हणजे एक टीम, तिसरा डबा म्हणजे 'हे सगळं साधारण सिक्युरिटीचं'. काढणाऱ्याच्या डोक्यात ते बरोबर असतं हो, पण दुसरा माणूस भर घालायला गेला की तो त्याच्या अर्थाने घालतो, आणि तिसऱ्याच्या हातात जाईपर्यंत त्याचं कडबोळं झालेलं असतं.

पहिलं तपासा: डब्यात दाखवलंय ते खरंच तिथे आहे का

एखादा आयकॉन डब्याच्या आत ठेवला की तुम्ही एक विधान करताय, 'ही गोष्ट इथे राहते'. चित्र नीट बसावं म्हणून आयकॉन आत सरकवला की ते विधान खोटं होतं आणि पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एसथ्री (फाइल साठवायची सर्व्हिस) नाहीतर डायनॅमोडीबी (डेटाबेस) व्हीपीसीच्या, म्हणजे क्लाउडमधल्या तुमच्या खासगी नेटवर्कच्या, डब्यात ठेवलेलं. ते तिथे नसतं. ते रीजनच्या (एका भौगोलिक भागातल्या डेटासेंटरच्या) पातळीवर असतं, व्हीपीसीच्या बाहेर. आतून तिथे जायला गेटवे एंडपॉइंट (इंटरनेटला न जाता थेट पोचायची वाट) वापरत असाल तर तो एंडपॉइंट दाखवा, आणि तो नसेल तर प्रायव्हेट सबनेटमधला (सबनेट म्हणजे नेटवर्कचा एक तुकडा) सर्व्हर एसथ्रीला नॅट गेटवेमधून (आतल्या सर्व्हरचा बाहेर जायचा दरवाजा) जातोय हे दाखवा, कारण या दोन्हीच्या बिलात फरक पडतो: गेटवे एंडपॉइंटला वेगळे पैसे लागत नाहीत आणि नॅट गेटवेमधून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला लागतात. नुसता एसथ्री आत ठेवून दिला की हा सगळा प्रश्नच चित्रातून गायब होतो.

लॅम्डाचंही (सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सर्व्हिस) तसंच. व्हीपीसीला जोडलेला नसेल तर तो तुमच्या व्हीपीसीत नाहीच. जोडलेला असेल तर सबनेटमध्ये दाखवा, पण कुठल्या सबनेटमध्ये ते बघून दाखवा. लॅम्डा पब्लिक सबनेटला जोडला तरी त्याला पब्लिक आयपी मिळत नाही, म्हणजे इंटरनेटला जायचं असेल तर तो प्रायव्हेट सबनेटमधून नॅटमार्फतच जायला हवा. कित्येक डायग्राममध्ये लॅम्डा हिरव्या पब्लिक डब्यात बसलेला असतो आणि तिथून इंटरनेटला सरळ बाण असतो, आणि मग कोणीतरी दोन दिवस शोधत बसतं की टाइमआउट का येतोय.

आणि सबनेटला हिरवा (पब्लिक) की निळा (प्रायव्हेट) रंग ते कशावरून ठरवायचं? सबनेटच्या नावात 'पब्लिक' लिहिलंय म्हणून नाही. ज्या सबनेटच्या रूट टेबलमध्ये (ट्रॅफिक कुठे पाठवायचं त्याची यादी) इंटरनेट गेटवेकडे जाणारी ओळ आहे ते पब्लिक, बाकी सगळी नाहीत. नाव काहीही देता येतं. म्हणून रंग भरण्याआधी रूट टेबल उघडायचं, ही सवय लावून घ्या, एका सबनेटला एक मिनिट लागतं.

सिक्युरिटी ग्रुपचा डबा मी आता काढतच नाही. सिक्युरिटी ग्रुप ही जागा नाहीये, कुठलं ट्रॅफिक आत-बाहेर सोडायचं त्या नियमांची ती यादी आहे आणि ती नेटवर्क इंटरफेसला चिकटते, एकाच इंटरफेसला एकापेक्षा जास्त चिकटू शकतात. एका सर्व्हरला तीन ग्रुप असले की तीन डबे एकमेकांना छेदत जातात आणि पाचव्या सर्व्हरला तुम्ही हात टेकता. त्यापेक्षा आयकॉनच्या कोपऱ्यात छोटा आकडा टाका आणि खाली टेबलमध्ये त्या आकड्याचा ग्रुप कुठला ते लिहा.

आता तो खड्डा. एडब्ल्यूएसचा डायग्राम कॉपी करून त्यावर अझ्युर किंवा गुगल क्लाउडचे आयकॉन चिकटवणं ही चूक फार मोठ्या प्रमाणावर होते, आणि ती आयकॉनची चूक नाही, डब्यांच्या क्रमाची आहे. एडब्ल्यूएसमध्ये व्हीपीसी एका रीजनची असते आणि प्रत्येक सबनेट एकाच अव्हेलेबिलिटी झोनमध्ये (रीजनमधला डेटासेंटरचा स्वतंत्र गट) असतं, म्हणून तिथे झोनच्या डब्यात सबनेटचा डबा बरोबर आहे. अझ्युरमध्ये व्हर्च्युअल नेटवर्क रीजनचं, पण सबनेट सगळ्या झोनवर पसरलेलं असतं, म्हणजे झोनच्या आत सबनेट काढलं की चुकलं, सबनेटचा आडवा पट्टा झोनच्या उभ्या पट्ट्यांवरून गेला पाहिजे. गुगल क्लाउडमध्ये तर व्हीपीसीच ग्लोबल आहे, रीजनच्या बाहेर, आणि सबनेट एका रीजनचं असतं, झोनचं नाही. म्हणजे तिथे सगळ्यात बाहेरचा डबा व्हीपीसी आणि त्याच्या आत रीजन. एडब्ल्यूएसच्या बरोबर उलटं! मल्टिक्लाउड डायग्राम 'काहीतरी विचित्र दिसतोय पण काय ते कळत नाही' असं कोणी म्हणालं की मी आधी हेच बघते, आणि बहुतेक वेळा हेच निघतं.

आयपीचे आकडे डब्यावर लिहिणार असाल तर लिहाच, खूप उपयोग होतो, फक्त '/२४ (२५६ आयपी पत्त्यांचा पट्टा) म्हणजे २५६ सर्व्हर' असं धरू नका, एडब्ल्यूएस आणि अझ्युर दोन्ही प्रत्येक सबनेटमधले ५ पत्ते स्वतःकडे ठेवतात, तुमच्या हातात २५१ राहतात.

दुसरं तपासा: दोन्ही बाजू खरंच सारख्या आहेत का

हे मी कळकळीने लिहितेय कारण ह्यात मी स्वतः पोळलेय. एका प्रोजेक्टवर दोन झोनचं सेटअप होतं. डायग्राम मी काढला होता. झोन ए पूर्ण काढला, पब्लिक सबनेट, त्यात नॅट गेटवे, खाली प्रायव्हेट सबनेट, त्यात ॲपचे सर्व्हर, आणि मग तो आख्खा डबा सिलेक्ट करून कॉपी-पेस्ट केला आणि लेबल बदलून झोन बी लिहिलं. चित्र सुंदर दिसत होतं, डावी-उजवी बाजू एकदम आरशासारखी. काही महिन्यांनी झोन ए मधला नॅट गेटवे बदलायचं काम निघालं. टीमने माझा डायग्राम समोर ठेवला आणि ठरवलं की झोन बी ला त्याचा स्वतःचा गेटवे आहे, तेव्हा लोड तिकडे वळवू आणि इकडे निवांत काम करू. जुना गेटवे डिलीट केला आणि पाच मिनिटांत झोन बी मधल्या सर्व्हरचे पण बाहेरचे सगळे कॉल अडकायला लागले.

झोन बी च्या प्रायव्हेट सबनेटचं रूट टेबल उघडलं तेव्हा कळलं. ०.०.०.०/० ची (म्हणजे बाहेर जाणाऱ्या बाकी सगळ्या ट्रॅफिकची) ओळ, समोर टार्गेटच्या रकान्यात नॅट गेटवेचा आयडी, आणि स्टेटसच्या रकान्यात 'ब्लॅकहोल'. आयडी आम्ही नुकताच डिलीट केलेल्या गेटवेचा. झोन बी मध्ये गेटवे कधी नव्हताच, खर्च वाचवायला एकच बनवलेला होता आणि दोन्ही झोनची सबनेट त्याच्याकडेच बघत होती. दुसरा गेटवे फक्त माझ्या चित्रात होता, कॉपी-पेस्टने जन्माला आलेला.

त्या दिवसापासून झोनचा डबा मी कॉपी करत नाही. कॉपी केलाच तर त्यातला प्रत्येक आयकॉन एकेक करून खऱ्या रिसोर्सशी जुळवते आणि जे नाहीये ते काढून टाकते, मग चित्र तिरपं-तारपं दिसलं तरी चालेल. तिरपं दिसणं हीच तर माहिती आहे! झोन बी च्या सबनेटमधून निघालेला बाण झोन ए मधल्या गेटवेपर्यंत जाताना झोनची सीमा ओलांडतो, ते डोळ्याला खुपतं, आणि ते खुपलंच पाहिजे.

असंच आरडीएसच्या (एडब्ल्यूएसची डेटाबेस सर्व्हिस) बाबतीत बघा. एका स्टँडबायवालं (राखीव प्रत) मल्टी-एझेड, म्हणजे एकापेक्षा जास्त झोनमधलं, असेल तर तो स्टँडबाय वाचायलासुद्धा मिळत नाही, तो फक्त फेलओव्हरसाठी (मुख्य डेटाबेस, म्हणजे प्रायमरी, पडला की जागा घ्यायला) असतो, तरीपण सममितीच्या नादात झोन बी च्या ॲपमधून स्टँडबायकडे बाण काढलेला असतो. तो पुसा. दोन्ही झोनची ॲप प्रायमरीकडेच जातात, आणि प्रायमरीकडून स्टँडबायकडे एक तुटक रेघ, रेप्लिकेशनची, बस्स. लोड बॅलन्सरचं (येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरमध्ये वाटणारा) उलटं आहे, ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरला कमीत कमी दोन झोनमधली सबनेट द्यावी लागतात, म्हणून तो एका झोनच्या डब्यात कोंबू नका, दोन्हींवर आडवा ठेवा.

तिसरं तपासा: बाण कशाचा आहे

बाण म्हणजे 'कनेक्शन कोण सुरू करतं' की 'डेटा कुठून कुठे जातो'? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि बऱ्याच वेळा उत्तरं एकमेकांच्या उलट असतात. क्यूचं (मेसेजच्या रांगेचं) उदाहरण घ्या. मेसेज क्यूमधून वर्करकडे (मेसेज घेऊन काम करणारा प्रोग्रॅम) जातो, म्हणजे डेटाचा बाण क्यूकडून वर्करकडे. पण कनेक्शन वर्कर सुरू करतो, तोच सारखा जाऊन विचारतो की काही आहे का. प्रोमिथियसचंही (मॉनिटरिंगचं टूल) तेच, ॲप मेट्रिक्स (मोजमापाचे आकडे) पाठवत नाही, प्रोमिथियस स्वतः जाऊन ओढून आणतं. आता हा डायग्राम बघून कोणी फायरवॉलचे नियम लिहिणार असेल आणि बाण डेटाचे असतील तर त्याने लिहिलेला नियम उलटा होणार. आणि मग तो म्हणणार की डायग्राम चुकीचा आहे, आणि काढणारा म्हणणार की बरोबर आहे, आणि दोघंही आपापल्या जागी खरे.

मी सरसकट कनेक्शन सुरू करणाऱ्याकडून बाण काढते आणि कोपऱ्यात एका ओळीत तसं लिहून ठेवते. तुम्ही दुसरं निवडा, हरकत नाही, पण एका चित्रात एकच. परतीचा बाण मात्र दाखवूच नका. रिक्वेस्ट गेली म्हणजे रिस्पॉन्स येणारच, सिक्युरिटी ग्रुप स्टेटफुल (सुरू झालेलं कनेक्शन लक्षात ठेवणारा) असल्यामुळे उत्तराला तिथे वेगळा नियमही लागत नाही. परतीचे बाण काढून टाकले की निम्मा गुंता तिथेच सुटतो, हे करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. फक्त नेटवर्क एसीएल (आख्ख्या सबनेटला लागणारे नियम) दाखवणारं चित्र असेल तर गोष्ट वेगळी, ते स्टेटलेस असतं, म्हणजे कनेक्शन लक्षात ठेवत नाही, तिथे परतीची वाट खरंच वेगळी उघडावी लागते.

बाणावर लेबल लिहा, आणि 'डेटा' असं लिहू नका, त्याने काहीच कळत नाही. 'एचटीटीपीएस ४४३', 'पोस्टग्रेस ५४३२', 'दर रात्री बॅकअप' असं काहीतरी. लेबल सुचत नसेल तर तो बाण कशाला आहे हे तुम्हालाच नक्की माहिती नाही, आणि ते आत्ता कळलेलं बरं.

एवढं करूनही बाण एकमेकांवरून जात असतील तर बहुतेक एका चित्रात दोन-तीन चित्रं आहेत. 'युजरची रिक्वेस्ट कशी जाते' हे एक चित्र. 'नेटवर्क कसं विभागलंय' हे दुसरं. 'कोड डिप्लॉय कसा होतो' हे तिसरं. 'लॉग आणि मॉनिटरिंग' हे चौथं, आणि हे चौथं सगळ्यात जास्त घाण करतं कारण प्रत्येक आयकॉनपासून क्लाउडवॉचला (एडब्ल्यूएसची लॉग-मॉनिटरिंग सर्व्हिस) एकेक बाण जातो. ते बाण सरळ उडवा आणि एका ओळीत लिहा की सगळ्या सर्व्हिसचे लॉग क्लाउडवॉचला जातात. आयएएमचं (कोणाला कशाची परवानगी ते ठरवणारी सर्व्हिस) पण तसंच, ते सगळीकडे आहे म्हणून कुठेच बाण नको. किती आत शिरायचं हे ठरत नसेल तर सायमन ब्राउन यांचं सी४ मॉडेल बघा, त्यात कॉन्टेक्स्ट, कंटेनर, कंपोनंट आणि कोड अशा चार पातळ्या आहेत आणि एका चित्रात एकच पातळी. फक्त एक लक्षात ठेवा, त्यातला कंटेनर म्हणजे डॉकरचा कंटेनर नव्हे, ॲप किंवा डेटाबेससारखी स्वतंत्र चालणारी गोष्ट. ह्या शब्दावरून खूप टीममध्ये गोंधळ होतो.

आता टूलच्या कटकटी. ड्रॉ डॉट आयओपासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात.

आयकॉन हलवला की बाण भलत्याच बाजूने चिकटलेला राहतो किंवा तिथेच लटकतो. बाण सोडताना आयकॉनवरच्या एखाद्या ठरावीक बिंदूवर सोडला असेल, म्हणजे तो बिंदू हिरवा झाला असेल, तर कनेक्शन फिक्स्ड होतं, आयकॉन कुठेही नेला तरी बाण त्याच बिंदूला. आयकॉनची आख्खी बाह्यरेषा निळी झाल्यावर सोडला तर फ्लोटिंग, मग बाण आपोआप जवळची बाजू पकडतो. जो डायग्राम सारखा बदलणार आहे त्यात फ्लोटिंगच ठेवा. आणि दोन्हीपैकी काहीच उजळलेलं नसताना सोडला तर तो चिकटलेलाच नाही, नुसता शेजारी पडलाय, असे बाण शोधायचा सोपा उपाय म्हणजे आयकॉन थोडा हलवून बघायचा, आणि मग अनडू. बाणाला नको तिथे कोपरे आले असतील तर राइट क्लिक करून क्लिअर वेपॉइंट्स.

डबा हलवला की आतले आयकॉन तिथेच राहतात. ह्याचं कारण तो डबा नुसता चौकोन आहे, कंटेनर नाही. डबा सिलेक्ट करा, स्टाइलच्या टॅबमध्ये खाली प्रॉपर्टीची यादी उघडा, त्यात कंटेनर ऑन करा, आणि मग आतले आयकॉन एकदा बाहेर काढून परत आत सोडा, नुसतं ऑन करून ते आपोआप आत जात नाहीत. एडब्ल्यूएसच्या लायब्ररीतले व्हीपीसी, सबनेट वगैरे ग्रुपचे आकार आधीपासून कंटेनरच असतात, म्हणून साधा चौकोन घेऊन त्याला रंग देण्यापेक्षा तेच वापरा.

एसव्हीजी एक्सपोर्ट केलं आणि वर्डमध्ये किंवा इंकस्केपमध्ये उघडलं की लेबल गायब, किंवा खाली मेसेज येतो की टेक्स्ट एसव्हीजी नाही, दाखवता येत नाही. फाइल खराब झालेली नसते. ड्रॉ डॉट आयओ लेबल एचटीएमएल म्हणून एसव्हीजीच्या आत ठेवतं, ब्राउझरला ते कळतं, बाकीच्यांना कळत नाही. सगळं सिलेक्ट करा, टेक्स्टच्या टॅबमध्ये 'वर्ड रॅप' आणि 'फॉरमॅटेड टेक्स्ट' ह्या दोन्ही टिक काढा आणि परत एक्सपोर्ट करा. टिक काढल्यावर लांब लेबल एका ओळीत पसरतात, तिथे हाताने ओळ तोडावी लागते, तेवढं सोसा. मराठीत लेबल लिहिणाऱ्यांना हे जास्त करावं लागतं असं काही नाही, पण समोरच्याच्या मशीनवर तुमचा देवनागरी फॉन्ट नसेल तर दुसरा फॉन्ट येतो आणि रुंदी बदलते, म्हणून लेबलच्या डब्याला थोडी जागा जास्त ठेवा.

पीएनजी धूसर येतो तर एक्सपोर्ट करताना झूम १०० टक्क्यांवरून २०० किंवा ३०० करा. डार्क मोडमध्ये बाण दिसेनासे होतात ते बॅकग्राउंड ट्रान्सपरंट ठेवल्यामुळे, काळ्या रेघा काळ्या पानावर, ती टिक काढा. आणि एक्सपोर्टच्या वेळी डायग्रामची कॉपी फाइलमध्येच ठेवायचा पर्याय येतो, तो टीमच्या आत फार सोयीचा, कारण तोच पीएनजी परत उघडून एडिट करता येतो, 'मूळ फाइल कुणाकडे आहे' हा प्रश्नच मिटतो. फक्त बाहेरच्या कोणाला चित्र पाठवताना तो बंद करा. लपवलेल्या लेअरसकट सगळं त्यात जातं, आणि सबनेटचे पत्ते नि सर्व्हरची नावं बाहेर जायला नकोत.

गिटमध्ये (फाइलच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) ठेवलेली ड्रॉ डॉट आयओची फाइल डिफमध्ये (काय बदललं ते दाखवणारी तुलना) एक लांबलचक निरर्थक ओळ दिसते का? मग ती कॉम्प्रेस केलेली आहे. फाइल मेनूतून प्रॉपर्टीजमध्ये जा, कॉम्प्रेस्डची टिक काढा, सेव्ह करा, आता आत वाचता येण्यासारखं एक्सएमएल दिसेल. पण दोघांनी एकाच वेळी एडिट करून मर्ज करायचं म्हणाल तर ते तरीही जमत नाही, आकड्यांची नुसती भेळ होते, तेव्हा एका वेळी एकाच माणसाने हात लावायचा.

कोडमधून डायग्राम काढणाऱ्यांसाठी

मर्ज नीट व्हावं म्हणून बरेच जण मर्मेडकडे (लिहिलेल्या मजकुरातून चित्र काढणारं टूल) वळतात, गिटहबवर २०२२ पासून ते थेट दिसतं, आणि छोट्या चित्रांना मलाही तेच आवडतं. त्यात तीन ठिकाणी हमखास अडतं. एक, फ्लोचार्टमध्ये नोडचं (एका डब्याचं) नाव लहान अक्षरातलं इंग्रजी 'एंड' असेल तर सगळं चित्र मोडतं, कारण तो त्यांचा राखीव शब्द आहे, पहिलं अक्षर कॅपिटल करा. दोन, तीन रेघांच्या जोडणीनंतर लगेच लहान 'ओ' किंवा 'एक्स' ने सुरू होणारं नाव आलं तर त्याचा बाणाच्या टोकाला गोल नाहीतर फुली होते, मध्ये स्पेस द्या. तीन, आणि ह्यात लोक तासन्‌तास घालवतात, सबग्राफला (डब्यांच्या गटाला) आतली दिशा डावीकडून उजवीकडे दिली तरी तो ऐकत नाही. आतल्या एका जरी नोडला बाहेरून बाण जोडलेला असेल तर सबग्राफची दिशा मर्मेड सोडून देतं आणि बाहेरच्याचीच दिशा घेतं. उपाय असा की बाण आतल्या नोडला न जोडता सबग्राफलाच जोडा. थोडी बारीक माहिती जाते, पण चित्र जागेवर राहतं.

पायथनची 'डायग्राम्स' लायब्ररी वापरत असाल आणि 'डॉट सापडत नाही' असा एरर येत असेल तर पिपने (पायथनच्या लायब्ररी आणणारं टूल) परत परत इन्स्टॉल करून काही होणार नाही. पिप फक्त पायथनचा भाग आणतं, खरं चित्र काढणारं ग्राफविझ वेगळं इन्स्टॉल करावं लागतं आणि त्याचा फोल्डर पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरच्या यादीत) असावा लागतो, आणि पाथ बदलल्यावर टर्मिनल बंद करून नवीन उघडा, हे विसरल्यामुळे कितीतरी जण परत त्याच एररवर येतात. रेघा काटकोनात हव्यात म्हणून स्प्लाइन्स 'ऑर्थो' केल्या आणि लेबल गायब झाली किंवा भलतीकडे गेली? ऑर्थोमध्ये बाणांची साधी लेबल ग्राफविझला जमत नाहीत, तो तसा इशाराही देतो, 'एक्सलेबल' वापरा नाहीतर ऑर्थो सोडा. बाण आख्ख्या क्लस्टरला जोडायचा असेल तर ग्राफला 'कंपाउंड' ऑन करून बाणाला 'एलहेड' किंवा 'एलटेल' द्यावं लागतं.

एक आयकॉन वाढवला की सगळ्या चित्राची मांडणी बदलते ही तक्रार मात्र ह्या सगळ्या टूलची आहे आणि ती पूर्ण जात नाही. ग्राफविझमध्ये बाणाला 'कन्स्ट्रेंट' फॉल्स दिलं की तो बाण मांडणी ढकलत नाही. मॉनिटरिंग, बॅकअप असे दुय्यम बाण मी सगळे तसेच ठेवते, मुख्य वाट तेवढी मांडणी ठरवते, आणि चित्र बऱ्यापैकी स्थिर राहतं.

टेराफॉर्म (कोड लिहून क्लाउडचे रिसोर्स बनवायचं टूल) वापरता आणि 'टेराफॉर्म ग्राफ' चालवून आर्किटेक्चर डायग्राम मिळेल असं वाटत असेल तर थांबा. त्यातला बाण म्हणजे कुठला रिसोर्स कुठल्यावर अवलंबून आहे, कोण कोणाशी नेटवर्कवर बोलतं ते नव्हे. तपासणीच्या यादीसाठी मस्त आहे, कुठला रिसोर्स चित्रात राहून गेलाय ते कळतं, पण तसाच कोणाला दाखवू नका.

शेवटचं: जुना होणं

हे पूर्ण थांबत नाही. नावंसुद्धा बदलतात, एडब्ल्यूएसची इलॅस्टिकसर्च सर्व्हिस २०२१ मध्ये ओपनसर्च झाली, अझ्युर एडी २०२३ मध्ये एन्ट्रा आयडी झालं, किनेसिस डेटा फायरहोसमधलं किनेसिस २०२४ मध्ये गेलं. म्हणून लेबलवर सर्व्हिसचं नाव लिहूच नका असं नाही, पण आधी तिचं तुमच्याकडे काम काय ते लिहा, 'ऑर्डर शोधायचा इंडेक्स', आणि खाली बारीक अक्षरात सर्व्हिसचं नाव. काम सहसा बदलत नाही.

ड्रॉ डॉट आयओमध्ये आयकॉनवर राइट क्लिक केलं की एडिट डेटा येतं, तिथे त्या रिसोर्सचा खरा आयडी टाकून ठेवा. चित्रात तो दिसत नाही, गर्दी होत नाही, पण तपासायला बसलात की आयडी उचलायचा, कन्सोलमध्ये शोधायचा, सापडला नाही तर आयकॉन पुसायचा. आयडी टाकताच येत नाही असा आयकॉन निघाला, तर तो कदाचित कुठे अस्तित्वातच नाही, माझ्या त्या दुसऱ्या नॅट गेटवेसारखा.

आणि कोपऱ्यात तारीख लिहा, 'शेवटचं काढलं' ही नव्हे, 'शेवटचं खऱ्याशी जुळवून बघितलं' ही. ह्या दोन तारखा वेगळ्या असतात. कोण जुळवणार ते पण ठरवून टाका, आमच्याकडे नेटवर्कचा बदल ज्या पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला देण्याची विनंती) असतो त्यातच डायग्रामची फाइल बदललेली लागते, नसेल तर रिव्ह्यू करणारा विचारतो. बदल चित्रात दिसण्यासारखा नसेल तर तसं एका वाक्यात लिहायचं आणि पुढे जायचं. तुमचा डायग्राम ह्यातल्या कुठल्याच कारणात बसत नसेल तर डबे आणि बाणांचे अर्थ एका कागदावर लिहून मग लक्षण सांगा, आयकॉन कुठल्या क्लाउडचे आहेत आणि टूल कुठलं तेही लिहा, नुसता स्क्रीनशॉट बघून कोणालाच सांगता येत नाही.